नोसिरच्या कोपराइतकी उंची

मशीन आलं ते रशियाला खरबुजं पोचवून परतणाऱ्या ट्रकमधून. ट्रकमध्ये अजून खरबुजांखालचा पेंढा होता आणि त्या पेंढ्यात, जुन्या गोधडीत गुंडाळून दोरांनी आवळलेलं, एक लांबलचक धूड पडलं होतं. आम्ही पाचसहा जणांनी ते उतरवून उस्ता होलमत यांच्या अंगणात ठेवलं. गोधडी सोडली तर आत लाकूड कातायचं लेथ. जुनं, पण जातिवंत. बिडाचं अंग, एका टोकाला मोटर आणि पट्टा, दुसऱ्या टोकाला लाकूड धरून ठेवणारी टोकदार सुई. खाली मात्र काहीच नव्हतं.

“पाय तिकडेच राहिले,” ट्रकवाला म्हणाला. “मालकाने त्या लोखंडी पायांवर दुसरं मशीन चढवलं म्हणे.”

चहाखानावाले मामासोली अमाकी, सगळ्या गावाचे काका, बघायला आले होतेच. ते गप्प बसलेले गावात कुणी पाहिलेले नाहीत. “होलमत, तुझ्या पोरानं घोडा पाठवला रे,” ते म्हणाले, “पण पाय कापून!”

“पाय मी लावतो,” उस्ता म्हणाले. “तू चहा पाठव. आणि आज तरी त्यात चहा घाल.”

सगळे हसले. उस्ता सगळ्यात जास्त हसले. बिडाच्या त्या गार अंगावरून ते तळहात फिरवत होते, घोड्याच्याच मानेवरून फिरवावा तसा.

उस्ता म्हणजे कसबी कारागीर, आणि उस्ता होलमत पाळणे करतात. कोकंद शहराच्या पुढे कालव्याच्या काठाने जी गावं आहेत, तिथली निम्मी मुलं तरी त्यांच्या पाळण्यात झोपली असतील. मीही त्यातलाच. आमचा पाळणा टांगलेला नसतो. जमिनीवर, दोन वाकड्या पायांवर डुलतो. त्याच्या दोन्ही बाजूंना कातलेले बारीक खांब असतात आणि वर मूठ धरायला आडवा दांडा. सगळी कसोटी त्या खांबांची. ते सारखे उतरले नाहीत तर पाळणा एका अंगाला जातो आणि मूल रात्रभर रडतं. रिकामा पाळणा मात्र हलवून बघायचा नसतो, ते अपशकुनी. म्हणून उस्ता आत पिठाची पिशवी निजवतात, तिला नीट बांधतात आणि मग डुलवतात. “झोप गं बाई,” असं त्या पिशवीला म्हणतात. त्यांना वाटतं, कुणी ऐकत नाही.

खांब ते पायाने चालवायच्या लेथवर कातायचे. ते त्यांच्या वडिलांनी केलेलं. पायटा दाबायचा, चाक फिरतं, लाकूड फिरतं, आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावायची. आयुष्यभर पायटा दाबून त्यांचा उजवा गुडघा कामातून गेला होता. नमाजाला ते खुर्चीवर बसायचे, आणि खुर्चीवर बसल्याची त्यांना लाज वाटायची. उंचीनेही लहान माणूस. मामासोली अमाकी म्हणायचे, “होलमत मेला तर खांदे द्यायला नकोत, त्याच्याच पाळण्यात नेऊ.”

मुलगा नोसिर मात्र आईच्या माहेरच्यांवर गेला होता. ताडमाड. वडिलांच्या लेथवर काम करताना त्याला इतकं वाकावं लागायचं की संध्याकाळी तो भिंतीला पाठ लावून उभा राहायचा आणि कण्हायचा. पण हात बापाचा होता. पटाशी लावली की लाकडाची साल लांब फितीसारखी निघायची, मध्ये कुठेही न तुटता. तो रशियात फर्निचरच्या कारखान्यात गेला त्याला तीन वर्षं झाली होती. निघताना जुलैखाआपांनी, म्हणजे त्याच्या आईने, त्याच्यापुढे नान धरला. त्याने एक घास चावून घेतला, आणि तो दातांची खूण असलेला नान बैठकीच्या भिंतीवर खिळ्याला लावला. परत आला की त्यानेच तो संपवायचा. घरोघरी असे नान टांगलेले आहेत. काही घरांत तीन-तीन.

मी कोकंदच्या तंत्रशाळेत विजेचं काम शिकलो. तीन तारांवर चालणारी मोटर गावातल्या दोन तारांवर चालवायची असेल तर कपॅसिटर जोडावा लागतो. ते मला येतं म्हणून उस्तांनी मला बोलावलं. ते मला नावाने हाक मारत नाहीत, इंजिनियर म्हणतात, आणि म्हणताना जरा खाकरतात.

मोटर साफ करताना मला लाकूड फिरवणाऱ्या चकतीच्या मागे, फिरत्या दांड्याभोवती सुताचा गुंता सापडला. पांढरं जाडंभरडं सूत, तेलाने काळं पडलेलं, इतकं घट्ट गुंडाळलेलं की बोटांनी निघेना. उस्तांनी चिमट्याने ओढून ओढून काढलं.

“पुसायचं फडकं अडकलेलं दिसतंय,” मी म्हणालो.

“रशियन लोक फडकी वाया घालवतात,” उस्ता म्हणाले, आणि त्याच सुताच्या बोळ्याने त्यांनी मशीनच्या अंगाला तेल चोळलं.

पहिल्यांदा आम्ही मशीन घरातल्या एका जुन्या टेबलावर ठेवून पाहिलं. बटण दाबलं आणि टेबल चालायला लागलं. खरोखर चालायला. थरथरत, पाय घासत दाराकडे निघालं. मी तार उपटली तेव्हा ते उंबऱ्याशी पोचलं होतं. जुलैखाआपा दारात उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, “अहो, हे तर रशियाला परत निघालंय.”

लेथला हलतं स्टँड चालत नाही. लाकूड फिरतं तेव्हा त्यात नेहमी थोडा असमतोल असतो, तो असमतोल मशीनला हलवतो, मशीन खालच्या लाकडाला, आणि खालचं लाकूड दमदार नसेल तर ते सगळं परत पटाशीच्या धारेवर येतं. खांबावर लाटा उमटतात. मी हे तावातावाने सांगितलं. उस्ता म्हणाले, “म्हणजे जड पाहिजे आणि घट्ट पाहिजे. एवढंच ना?” एवढंच होतं.

जड लाकूड त्यांच्याकडे होतं. अंगणाच्या मागच्या भिंतीला तुतीचा एक ओंडका वर्षानुवर्षं उन्हापासून जपून ठेवला होता, टोकांना चिखल लिंपून, म्हणजे भेगा पडू नयेत. तो त्यांनी पहारीने बाहेर लोटला तसं जुलैखाआपा धावत आल्या.

“अहो! ती नातवाची तुती आहे!”

“आहे.”

“नोसिर जन्मला तेव्हा तुम्हीच म्हणालात, याच्या मुलाचा पाळणा या झाडाचा.”

“नोसिरच्या आई,” उस्ता म्हणाले, “पाळणा मागाहून. आधी त्या पाळण्यातल्याचा बाप तर घरी येऊ दे.”

यात सगळं आलं. नोसिर फोनवर दोन गोष्टी बोलला होता. एक, मशीन पाठवतोय, तुमचा गुडघा सुटेल. दुसरी, शरदात येईन. दोन वेगळ्या दिवशी बोललेली दोन वेगळी वाक्यं. उस्तांनी ती पाचर मारून एकत्र जोडली: मशीन आलं आहे म्हणजे मुलगा येणार, आणि मशीन चालू असेल तर तो राहणार. बाप पाळण्यांचे सांगाडे करणार, मुलगा खांब कातणार. चहाखान्यात ते सगळ्यांना हेच सांगत. कुणी हटकलं नाही. ज्यांचे मुलगे तिकडे आहेत त्यांनी तर अजिबात नाही.

तुती चिरून झाली, चार पाय रंधून झाले, मग उंचीचा प्रश्न आला. आमच्याकडे कातकामाचं स्टँड माणसाच्या अंगावर बेततात. फिरणाऱ्या लाकडाचा मध्य आणि कातणाऱ्याचं कोपर एका रेषेत आलं पाहिजे. वर झालं तर खांदे भरून येतात, खाली झालं तर कंबर जाते. मी टेप घेऊन उस्तांच्या कोपराकडे वळलो. त्यांनी माझा हात बाजूला केला.

“माझं नाही. नोसिरला फोन लाव.”

पडद्यावर नोसिरचा चेहरा आला. फोन तोंडाच्या अगदी जवळ धरलेला, मागे पिवळी भिंत. वडिलांना तो अदा म्हणतो.

“अदा, सलाम. बरे आहात ना? गुडघा कसा आहे?”

“गुडघा आहे तिथेच आहे. तू ताठ उभा राहा आणि जमिनीपासून कोपर मोजून सांग.”

“कशाला?”

“घोड्याला पाय लावतोय. तुझ्या मापाचे.”

नोसिर म्हणाला, “अदा, तुमच्या मापाचं करा. मशीन तुमच्यासाठी आहे.”

“अरे, मी म्हातारा माणूस—”

“नाही अदा. ऐका माझं. तुमच्या मापाचंच करा.”

उस्तांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. फोन ठेवल्यावर त्यांचा चेहरा फुलला होता. “पाहिलंस, इंजिनियर? तीन वर्षं परदेशात राहूनही पोराची रीत सुटली नाही.”

मलाही तसंच वाटलं. दुसरं काय वाटणार? आमच्यात कुठला नीट वाढलेला मुलगा वडिलांना सांगेल की माझ्या मापाचं करा? ताटातला मांसाचा तुकडा तो वडिलांकडे सरकवणार, वडील तो परत सरकवणार. दारातून आत जाताना “आधी तुम्ही, आधी तुम्ही” करत माणसं थंडीत कुडकुडत उभी राहतात. मुलाने दोनदा नाही म्हणायचं आणि बापाने तरी ते करायचं, यालाच घर म्हणतात.

मग उस्तांनी माप स्वतःच शोधलं. माणूस समोर नसताना त्याचं माप सुतळीने घेत नाहीत, तसं माप कफनासाठी घेतात. त्यांनी जुलैखाआपांकडून नोसिरचा जुना, कापूस भरलेला कोट मागून घेतला. निरोपाच्या दिवशी त्याला मिठी मारली तेव्हा आपलं कपाळ त्याच्या कंठाशी आलं होतं हे त्यांच्या लक्षात होतं. ते ओसरीच्या खांबाला कपाळ टेकवून उभे राहिले, मी तिथे पेन्सिलने खूण केली, आणि त्या खुणेवर कोटाची कॉलर खिळ्याने टांगली. बाही खाली लोंबली. बाहीवर कोपराच्या जागी कापड घासून विरलं होतं. त्या विरलेल्या जागेवर बोट ठेवून उस्ता म्हणाले, “इथे.”

स्टँड करायला बरेच दिवस लागले आणि ते दिवस उस्तांच्या आयुष्यातले चांगले दिवस होते, असं मी म्हणेन. पाय त्यांनी सरळ न ठेवता खाली थोडे फाकवले, माती खुंदत उभ्या राहिलेल्या बैलासारखे. प्रत्येक पायात आरपार खाच, त्या खाचेतून आडव्या वाशाची जीभ पलीकडे निघालेली, आणि त्या जिभेला चिरून तिच्यात जर्दाळूच्या लाकडाची पाचर. एकही खिळा नाही. “खिळा लाकडाला धरत नाही, टोचतो,” ते म्हणत. वाशांच्या तळाला मी एक उथळ पेटी सुचवली, वजनासाठी. ती त्यांनी केली आणि नदीतले गोल दगड आणून आम्ही ती भरली.

“घोड्याला आता दगड चारताय?” मामासोली अमाकींनी विचारलं.

“तुझ्या दुकानातले सामोसे आणणार होतो,” उस्ता म्हणाले, “पण घोडा मेला असता.”

शेवटी मशीन वर चढवलं, बोल्ट आवळले. बटण दाबण्याआधी उस्तांनी बिडाच्या अंगावर चहाने काठोकाठ भरलेला वाडगा ठेवला. मोटर घुमली. लाकडाचा ठोकळा फिरू लागला, त्याचे कोपरे दिसेनासे झाले. वाडग्यातल्या चहावर एक बारीकशी शिरशिरी आली, बस्स. एक थेंब सांडला नाही. मी ओरडलोच. जुलैखाआपांनी दोन्ही हात तोंडावरून खाली फिरवले आणि दुआ पुटपुटल्या.

मग उस्तांनी पटाशी घेतली आणि मशीनपुढे उभे राहिले. फिरणारं लाकूड त्यांच्या छातीशी आलं. पटाशी धरायला त्यांना कोपरं पंखासारखी वर उचलावी लागली. त्यांनी एक ओरखडा काढला आणि हात खाली घेतले.

“पायाखाली फळी देऊ का?” मी विचारलं.

“फळीवर उभा राहून मी काय भाषण करू?” ते म्हणाले. “बंद कर. हे नोसिरचं आहे.”

मशीनवर तीच गोधडी घातली. आणि सगळा उन्हाळा, तुतीची पिकलेली फळं अंगणभर पडून माश्या घोंगावत असताना, उस्ता होलमत त्या गोधडीशेजारी बसून जुन्या लेथचा पायटा दाबत राहिले. पायटा दाबताना ते ओठ चावत. फोनवर नोसिर विचारायचा, “मशीन चालवता ना अदा? गुडघ्याला आराम आहे ना?” आणि उस्ता म्हणायचे, “हो तर. लोण्यासारखं चालतं.”

नोसिर डाळिंबं पिकल्यावर आला. दुपारची वेळ होती. अंगणातल्या लाकडी चौथऱ्यावर दस्तरखान अंथरलं होतं, पुलाव शिजला होता, शेजारीपाजारी बसले होते. तो फाटकातून वाकून आत आला. फाटक त्याला अजूनही लहानच होतं. अंगात जाड जॅकेट, बाह्या लांब. वडिलांना त्याने डाव्या हाताने कवेत घेतलं. उस्तांचं कपाळ त्याच्या कंठाशी आलं. ते माझ्याकडे वळून म्हणाले, “बघ, माप बरोबर आहे.”

सगळे बसले. जुलैखाआपांनी भिंतीवरचा नान काढून आणला. तीन वर्षांत तो दगड झाला होता; दातांची खूण मात्र तशीच होती. चहाचा वाडगा त्याच्यापुढे ठेवून त्या म्हणाल्या, “तोड बाळा, भिजवून खा. एक घास तरी. संपवलास की आलास.”

नोसिरने नान डाव्या हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

नान एका हाताने तोडत नाहीत. लहान मुलालाही आम्ही त्यावरून रागावतो. सगळे वाट बघत होते. मामासोली अमाकींना शांतता सोसवत नाही, ते म्हणाले, “काय रे नोसिर, रशियात उजवा हात जकातीला ठेवून आलास का?”

एकदोघे हसले. उस्तासुद्धा हसले. “तोड ना रे,” ते म्हणाले. “आईचे पाय भरून आलेत उभं राहून.”

नोसिरने उजव्या हाताची बाही दाताने मागे ओढली.

अंगठा होता. बाकी काही नव्हतं. अंगठ्यापलीकडे गुलाबी, चकचकीत कातडीची एक सरळ कड होती.

जुलैखाआपांनी त्याच्या हातातून नान घेतला, ओढणीआड धरला, मग तो कुठे ठेवावा हे न कळून घरात गेल्या. मामासोली अमाकींनी मान खाली घातली ती पुन्हा वर केली नाही. पुलाव गार झाला. शेजारी एकेक करून, काही तरी काम आठवल्यासारखे, उठून गेले. मीही उठत होतो, पण उस्तांनी माझा दंड धरला. एकटं बसायची त्यांची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नोसिरला कामाच्या खोलीत घेऊन गेले. मी आधीच तिथे होतो. त्यांनीच बोलावलं होतं, मशीन चालू करून दाखवायला. का, ते मला कळलं नव्हतं. कदाचित त्यांनाही नसेल. त्यांनी गोधडी ओढली.

नोसिरने डाव्या हाताने प्रत्येक सांधा चाचपला, पाचरीच्या टोकांवरून बोट फिरवलं. तुती ओळखली असावी; त्याने एकदा अंगणाच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि मान वळवली. मग तो मशीनपुढे उभा राहिला. त्याचं कोपर आणि दांड्याचा मध्य एका रेषेत होते. सूतभरही फरक नव्हता.

“मी सांगितलं होतं ना,” तो म्हणाला. “तुमच्या मापाचं करा म्हणून.”

“मला वाटलं, तू रीत म्हणून बोलतोयस.”

“तुम्हाला तसंच वाटणार हे मला ठाऊक होतं, अदा. याहून जास्त बोलायचं धाडस नाही झालं.”

उस्तांनी मशीनवर हात ठेवला. “कशात गेला?”

नोसिरने मशीनकडे पाहिलं.

“यातच?”

“मालक म्हणाला, तक्रार लिहू नकोस, त्याऐवजी मशीन घेऊन जा. तसंही जुनं झालंय. तुझे वडील कातकाम करतात ना?” त्याने उजवी बाही खाली ओढली. “मला वाटलं, निदान तुमचा गुडघा तरी सुटेल. त्या दिवशी थंडी होती, हातमोजे घातले होते. सुती, पांढरे. धागा अडकला आणि मशीनने हात ओढून घेतला.”

उस्तांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्या बोळ्याने चोळलेलं तेल मशीनच्या अंगावर अजून चमकत होतं.

“इथेच राहा,” उस्ता म्हणाले. “पाळणे रंगव. रंगाचं काम हलकं आहे.”

“अदा, फूल काढायला ब्रश धरावा लागतो.”

“डाव्या हाताने शिकशील.”

“शिकतोय ना. वर्षभर शर्टाची बटणं लावायला शिकतोय.” हे तो कडवटपणे म्हणाला नाही, नुसतं सांगितलं. “तिकडे एका गोदामावर राखणीला ठेवलंय. दार उघडायला, लावायला एक हात पुरतो. इथे मी काय करू? तुमच्याकडे पाळणा घ्यायला येणाऱ्या बाया माझ्या हाताकडे बघतील आणि पाळणा न घेता जातील. अपशकुन म्हणून.”

उस्ता “नाही” म्हणाले नाहीत. त्यांना त्या बाया ठाऊक होत्या. मलाही ठाऊक आहेत. माझी आई त्यांतलीच.

निघण्याच्या आदल्या दिवशी नोसिरने स्वतःच पेन्सिल मागितली. वडिलांना त्याने स्टँडजवळ उभं केलं, त्यांचं कोपर धरलं, दांड्याच्या मध्यापासून तिथपर्यंतचं अंतर मोजलं आणि चारही पायांवर खालून तेवढ्याच अंतरावर खुणा केल्या. उस्ता लहान मुलासारखे उभे होते, हात वर कर म्हटलं की वर, खाली म्हटलं की खाली. आम्ही दगड काढले, बोल्ट सोडले, मशीन उतरवलं, स्टँड उलटं केलं. चार पाय आभाळाकडे झाले.

“माझ्याकडे विजेची करवत आहे,” मी म्हणालो. “लगेच होईल.”

“नको,” दोघं एकदमच म्हणाले.

ओंडके कापायची दोन मुठींची करवत आणली. एक मूठ उस्तांनी धरली, दुसरी नोसिरने डाव्या हातात घेतली. तुती फार कठीण. करवत अडकायची, दोघं थांबायचे, पुन्हा ओढायचे. पहिल्या पायाला ताल जमत नव्हता. दुसऱ्यापासून जमला. बाप ओढायचा, लेक सोडायचा. लेक ओढायचा, बाप सोडायचा. पिवळा भुसा त्यांच्या बुटांवर पडत होता. शेवटचा पाय उरला तेव्हा उस्तांनी करवत मध्येच थांबवली आणि मूठ न सोडता तसेच उभे राहिले. नोसिरनेही ओढली नाही. मग नोसिर म्हणाला, “अदा, चला,” आणि त्यांनी तो कापला.

सकाळी टॅक्सी आली. जुलैखाआपांनी ताजा, गरम नान आणला नाही. मला वाटलं, विसरल्या. मी हळूच विचारलं, तर म्हणाल्या, “पहिलाच संपला नाही त्याचा. दुसरा कसा लावू?” तो जुना नान बैठकीच्या खिळ्यावर परत गेला होता.

फाटकातून वाकून तो बाहेर पडला. वडिलांना डाव्या हाताने कवेत घेतलं. या वेळी उस्तांनी मान खाली घातली होती, त्यामुळे कपाळ कंठाशी आलं नाही, छातीवर आलं.

आता उस्ता त्या मशीनवर काम करतात. कोपर आणि दांडा एका रेषेत आहे, वाडग्यातला चहा सांडत नाही, खांब आरशासारखे निघतात. गुडघ्याला आराम आहे. काम झालं की ते मशीन पुसत नाहीत. ते जुलैखाआपा पुसतात. पाळणा तयार झाला की पिठाची पिशवी निजवून डुलवून बघतात, पण पिशवीशी बोलत नाहीत. पायांचे कापलेले चार तुकडे बरेच दिवस कोपऱ्यात पडून होते. एके दिवशी जुलैखाआपांनी ते उचलून तंदुरात घातले आणि उस्ता बघत राहिले. तुतीचं लाकूड लवकर पेटत नाही. पेटलं की मात्र फार वेळ जळतं. त्या दिवशी नान काढून झाले, पुलाव झाला, आणि तरी संध्याकाळी तळाशी निखारे होतेच.

परवा मामासोली अमाकींनी चहा ओतता ओतता, बऱ्याच दिवसांनी, जुन्या सवयीने विचारलं, “काय होलमत, घोडा कसा चाललाय?”

उस्तांनी वाडगा दोन्ही हातांनी धरला.

“चालत नाही,” ते म्हणाले. “उभा आहे.”